कुत्र्याचं पिल्लू घेताना कागद बघायचा की आई-बाप? बिबट्याच्या पट्ट्यात हा प्रश्न साधा नाही

शिरूर किंवा दौंडचा शेतकरी शर्यतीसाठी खिल्लार खोंड घ्यायला गेला, की पहिला प्रश्न ठरलेला असतो. गाय कुठली? वळू कुणाचा? त्याची आधीची पैदास कुठल्या घाटात पळाली? चार माणसं नेऊन, चालवून, डोळ्यात बघून मगच व्यवहार होतो. तोच माणूस कुत्र्याचं पिल्लू घेताना मात्र इन्स्टाग्रामवरची एक रील बघतो, खाली 'वर्किंग लाईन, पेपर मिळतील' असं वाचतो आणि ॲडव्हान्स पाठवून मोकळा होतो.

शहरातल्या फ्लॅटमध्ये ही चूक खपून जाते. या पट्ट्यात ती महागात पडते.

कारण इथं ऊस आहे आणि उसात बिबट्या आहे. शिरूर तालुका वनविभागाच्या जुन्नर विभागात येतो. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात महिन्याभराच्या आत बिबट्याच्या हल्ल्यात तीन जणांचा जीव गेला, त्यात दोन लहान मुलं होती. चिडलेल्या लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग अडवला. शेवटी वनविभागाच्या पथकाने बिबट्याला गोळी घातली. त्यानंतर गावातली माणसं गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाताना सगळ्या देशाने बघितली. तो पट्टा खरं तर मेंढरं राखणाऱ्या कुत्र्याचा. जनावर मान धरतं म्हणून त्याच्या गळ्यात बांधायचा. तो माणसाच्या गळ्यात आला.

अशा ठिकाणी वस्तीवर एक खमकं कुत्रं हवं असं वाटणं साहजिक आहे. आणि तिथंच 'वर्किंग लाईन' हा शब्द विकला जातो.

तर ही वर्किंग लाईन म्हणजे नेमकं काय?

सोपं उदाहरण जर्मन शेफर्डचं. 1899 साली मॅक्स फॉन स्टेफनिट्झ या माजी लष्करी अधिकाऱ्याने होरांड नावाचा एक कुत्रा विकत घेतला आणि जातीच्या वंशावळीच्या वहीत त्याची नोंद पहिल्या नंबरला केली. त्याचं म्हणणं होतं की कुत्रा दिसायला कसा आहे यापेक्षा तो मेंढरांमागे काम कसं करतो हे महत्त्वाचं. पुढे या जातीच्या दोन वाटा झाल्या. एक प्रदर्शनात मिरवणारी, दुसरी पोलीस, लष्कर आणि राखणीच्या कामाची. ही दुसरी म्हणजे वर्किंग लाईन. जर्मनीतल्या मूळ संघटनेच्या पद्धतीत पैदाशीसाठी पास व्हायला आई-बापाच्या खुब्याचा आणि कोपराचा एक्स-रे लागतो, 20 किलोमीटर पळण्याची चाचणी लागते, वास, आज्ञापालन आणि संरक्षणाच्या कामाची परीक्षा द्यावी लागते. म्हणजे आई-बापांनी आधी काम करून दाखवलेलं असतं, पिल्लं नंतर.

आपल्याकडे पेडिग्री म्हटलं की आधी दुकानातलं खाद्याचं पाकीट आठवतं, पण मूळ अर्थ वंशावळ. केनेल क्लब ऑफ इंडियाचा कागद तेवढंच सांगतो, की पिल्लाचे आई-बाप, आजे-पणजे कोण. त्यांनी कामाची परीक्षा दिली पाहिजे अशी अट त्या नोंदणीला नाही. त्यामुळे कागद खरा असूनही कुत्रा कामाचा नसू शकतो. नावापुढे 'चॅम्पियन' लिहिलेलं असेल तर ते बहुतेक वेळा प्रदर्शनातलं, म्हणजे दिसण्याचं बक्षीस असतं.

मग कागद फेकून द्यायचा का? नाही. तो वाचायचा. आईच्या बाजूला आणि बापाच्या बाजूला एकच नाव पुन्हा पुन्हा येतंय का, हे बघायचं. येत असेल तर जवळच्या नात्यात पैदास झालीय आणि दोष पक्के होण्याचा धोका वाढलाय. कागदावर मायक्रोचिपचा नंबर असेल तर स्कॅनर लावून तो समोरच्याच कुत्र्याचा आहे का, हेही तपासायचं. खुब्याचा एक्स-रे मागायचा तो आई-बापाचा. दोन महिन्यांच्या पिल्लात तो दोष दिसत नाही आणि दिसायला लागतो तेव्हा कुत्रा घरचा झालेला असतो.

पण सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो आईला. बाप बऱ्याचदा दुसऱ्या गावचा असतो, त्याचे व्हिडिओ दाखवले जातात आणि व्हिडिओत प्रत्येक कुत्रा वाघ असतो. आई मात्र तिथंच असते. अनोळखी माणूस आला की ती काय करते? भुंकते, अंदाज घेते आणि मालकाने सांगितल्यावर शांत होते, तर उत्तम. शेपूट आत घालून मागे सरकते किंवा भीतीने चावायला धावते, तर पिल्लू कितीही गोंडस असलं तरी परत फिरावं. भित्रेपणा बऱ्यापैकी रक्तातून येतो आणि उरलेला पिल्लं आईकडे बघून शिकतात. 'आई आजारी आहे, दुसरीकडे ठेवलीय' असं सांगणाऱ्याकडून पिल्लू घ्यायचंच नाही.

पिल्लालाच टाळी वाजवून, उलटं धरून पारखणारेही बरेच असतात. व्हिएन्नातल्या संशोधकांनी 2014 साली बॉर्डर कोली जातीच्या पिल्लांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पिल्लपणी चाचणी घेतलेल्या कुत्र्यांची दीड-दोन वर्षांचं झाल्यावर पुन्हा चाचणी झाली. नवीन जागा हुंगत फिरण्याची सवय सोडली तर बाकी स्वभावाचा अंदाज जवळपास फसला. म्हणजे तिथंही आई-बाप बघणंच जास्त भरवशाचं.

आता जातीचा मुद्दा. ओसामा बिन लादेनवरच्या कारवाईत बेल्जियन मॅलिनॉइस होता हे कळल्यापासून त्या जातीची हवा झाली. आपल्याकडे सीआरपीएफही हे कुत्रे वापरतं. पण तिथं त्याला रोज काम आणि स्वतंत्र हँडलर असतो. वस्तीवर दिवसभर साखळीला बांधलेला मॅलिनॉइस राखण कमी आणि नुकसान जास्त करतो. कारवानचंही तसंच. आपल्या मातीतला देखणा कुत्रा, पण तो नजरेने सावज हेरून पळणारा. त्याचं काम राखणीचं नाही, पाठलागाचं.

या भागाची खरी वर्किंग लाईन कदाचित धनगराच्या वाड्यावर सापडेल. तिला कागद नाही. पण मेंढरांत वाढलेली, रात्री जागणारी, उगाच न भुंकणारी कुत्री आणि तिची पिल्लं तिथं डोळ्यांनी बघता येतात. पिल्लं मेंढरांसोबतच वाढली की ती कळपाला आपलं मानतात. अमेरिकेत रेमंड कॉपिंजर यांनी 1970 च्या दशकाच्या अखेरीस राखणीच्या कुत्र्यांवर काम सुरू केलं, त्यांचाही याच गोष्टीवर भर होता. आपल्या मेंढपाळांना हे कुणी सांगावं लागलं नव्हतं.

तरीही एक गैरसमज जीवघेणा आहे. तो म्हणजे चांगल्या रक्ताचं कुत्रं बिबट्याला पळवून लावेल. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात अकोल्याला विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला. त्याच्या आहारात वजनाच्या हिशोबाने 39 टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा निघाला, शेळ्यांचा 11 टक्के. बिबट्यासाठी एकटं कुत्रं म्हणजे राखणदार नाही, जेवण आहे. अंगणात मोकळं किंवा साखळीला बांधलेलं कुत्रं बिबट्याला दारापर्यंत आणू शकतं आणि दाराशी मुलं झोपलेली असतात.

त्यामुळे इथं कुत्र्याचं काम लढायचं नाही, वेळेवर सांगायचं आहे. कान तिखट हवेत, डोकं शांत हवं आणि खऱ्या कारणालाच भुंकायची सवय हवी. आई-बापात बघायचं ते हेच. पिल्लू दोन महिन्यांच्या आतलं विकायला केंद्राच्या 2017 च्या नियमांनी बंदी आहे, त्यामुळे 'चाळीस दिवसांचं झालंय, घेऊन जा' म्हणणाऱ्याला तिथंच थांबवायचं. आणि पिल्लू घरी यायच्या आधी त्याच्यासाठी वरून, बाजूने जाळी मारलेला, दाराला कडी असलेला पक्का खुराडा बांधून तयार हवा. अंधार पडला की कुत्रं त्यात, तिथून ते भुंकेल.