‘गुन्हा कबूल’ म्हणण्यापूर्वी

बँकेच्या नोकरीत ग्राहकांना मी एक वाक्य अगणित वेळा सांगितले असेल : ‘वाचल्याशिवाय सही करू नका.’ मित्राच्या हमीपत्रावर न वाचता सही करून त्याचे कर्ज वर्षानुवर्षे फेडणारी माणसे मी जवळून पाहिली आहेत. तरीही माझ्याच घरातील एका तरुणाने न्यायालयात विचार न करता दोन शब्द उच्चारले, आणि त्यांचा खरा अर्थ आम्हाला फार उशिरा कळला. सुज्ञ वाचकांच्या उपयोगी पडावा म्हणून तो अनुभव येथे मांडत आहे.

माझा पुतण्या स्वतःच्या टेम्पोतून किराणा दुकानांना माल पोहोचवतो. एका सकाळी तो हिरव्या दिव्यावर चौकात शिरला. पुढची बस मध्येच थांबली आणि तेवढ्यात दिवा लाल झाला. लाल दिवा ओलांडल्याबद्दल त्याच्यावर धोकादायक वाहनचालनाचा, म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली, खटला झाला. समन्स आल्यावर तो घरी कोणालाही न सांगता एकटाच न्यायालयात गेला. रांगेत कोणीतरी सल्ला दिला, “कबूल करून टाका, दहा मिनिटांत मोकळे व्हाल.” त्याने कबूल केले. दोन हजार रुपये दंड झाला, आणि वाहन चालवण्यास तीन महिने अपात्र ठरवण्याचा आदेशही झाला.

बाविसाव्या दिवशी तो माझ्याकडे आला. “काका, दंड भरला. पण गाडी उभी राहिली तर हप्ता कुठून भरू?” पगारी चालक ठेवल्यास हप्त्यापुरते काही उरत नव्हते. हप्ता नव्वद दिवसांहून अधिक थकला, की खाते अनुत्पादक ठरते, हे मला सांगण्याची गरज नव्हती. अशा खात्यांच्या याद्या मी स्वतः तयार केल्या होत्या.

त्याच संध्याकाळी आम्ही परिचयातील एका वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी सर्व ऐकून घेतले. पुतण्या पुन्हा पुन्हा सांगत होता, “मॅडम, मी सिग्नल तोडलाच नव्हता.” त्यांनी शांतपणे विचारले, “हे तुम्ही न्यायाधीशांना सांगितलंत का?” तो गप्प झाला.

त्यानंतर त्यांनी जे समजावले, ते सर्वांनी लक्षात ठेवावे असे आहे. दंडाधिकाऱ्यांनी दोषी ठरवल्यास सत्र न्यायालयात अपील करता येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४१५ मध्ये ती तरतूद आहे. मात्र आरोपीने स्वतः गुन्हा कबूल केला असेल, तर कलम ४१६ नुसार अपील केवळ शिक्षेचे प्रमाण आणि तिची वैधता एवढ्यापुरतेच उरते. ‘मी हे केलेच नाही’ हा मुद्दा अपिलात घेता येत नाही. पुतण्याने खटला लढवला असता, तर सरकारी साक्षीदाराची उलटतपासणी झाली असती. चौकातील औषधाच्या दुकानाच्या कॅमेऱ्यातील चित्रण मागवता आले असते. आता ते चित्रण पुसले गेले होते, आणि असते तरी उपयोग नव्हता.

अपिलाची मुदत तीस दिवसांची. निकालाची प्रमाणित प्रत मिळण्यास लागणारा काळ त्यातून वगळला जातो. उशीर झालाच, तर सबळ कारण दाखवून विलंबमाफीचा अर्ज करता येतो. पण त्यावर विसंबून राहू नये. आम्ही दुसऱ्याच दिवशी प्रतीसाठी अर्ज केला. अपिलासोबत शिक्षेच्या स्थगितीचा अर्ज जोडला. टेम्पोच्या कर्जाचा खातेउतारा, पूर्वी एकही गुन्हा नसल्याचे निवेदन आणि कुटुंबाचे उत्पन्न याच वाहनावर अवलंबून असल्याचे प्रतिज्ञापत्र, ही कागदपत्रे मी स्वतः क्रमवार लावली.

अपात्रतेला स्थगिती मिळाली आणि टेम्पो पुन्हा रस्त्यावर आला. काही महिन्यांनी निकाल लागला. अपात्रतेचा आदेश रद्द झाला. दोषसिद्धी आणि दंड मात्र कायम राहिले. उपजीविका वाचली, पण न केलेल्या चुकीची कबुली कागदावर राहिली, ती राहिलीच.

वाचकांसाठी आणखी काही गोष्टी नमूद करतो. ई-चलानाची रक्कम भरून प्रकरण तडजोडीने मिटवणे वेगळे आणि न्यायालयात दोषी ठरणे वेगळे. तडजोडीने मिटल्यावर अपिलाचा प्रश्न येत नाही. लोकअदालतीतील निवाडाही अंतिम असतो. त्यावर अपील नाही. म्हणून तेथे संमती देतानाही पूर्ण विचार करावा. अतिवेगाच्या आणि धोकादायक वाहनचालनाच्या खटल्यांत आरोपीला जागेवरच ताकीद देणे, अथवा चौदा दिवसांत नोंदणीकृत टपालाने नोटीस किंवा अठ्ठावीस दिवसांत समन्स बजावणे, असे बंधन कलम २०९ मध्ये आहे. त्याला काही अपवादही आहेत. यांतील काय आपल्याला लागू पडते, हे वकीलच कागद पाहून सांगू शकतात. वकिलाचे शुल्क परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. महिलांना तेथे उत्पन्नाची अट नाही. कमी उत्पन्न असलेल्यांसाठीही सोय आहे.

याचा अर्थ प्रत्येक दंडाविरुद्ध भांडत बसावे, असा मुळीच नाही. चूक आपली असेल, तर ती मान्य करून दंड भरावा, हेच नागरिकाला शोभते. पण चूक आपली नसताना केवळ एक सकाळ वाचावी म्हणून ती मान्य करणे, हा स्वतःवर केलेला अन्याय आहे. समन्स आले तर ते घरच्यांपासून लपवू नका. पहिल्या तारखेपूर्वीच वकिलाला भेटा. न्यायाधीशांसमोर बोललेला शब्द हीसुद्धा एक सहीच असते.

पुतण्याने आता टेम्पोत कॅमेरा बसवला आहे. परवा तो म्हणाला, “काका, त्या दिवशी तुम्हाला एक फोन केला असता, तर?” मी काही उत्तर दिले नाही. त्याच्या चुलत भावंडांना मात्र त्याने हा प्रसंग स्वतःहून सांगितला, याचे मला समाधान वाटले.