गिऱ्हाइकाशी कसे बोलावे, हे दुकानातील मुलांना कोण शिकविणार?

शिवणकाम, चप्पल-बॅगा, फर्निचर, गॅरेज, बेकरी असे अनेक धंदे आपले बांधव पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत. हातातील कसबाला तोड नसते. परंतु माल दाखविणाऱ्या मुलाला गिऱ्हाइकाशी कसे बोलावे, हे आपण शिकवितो काय? "घ्यायचंय का नुसतंच बघायचंय?" असे विचारणारा नोकर मालकाचे किती नुकसान करतो, ते हिशेबाच्या वहीत दिसत नाही. दुखावलेले गिऱ्हाईक बहुधा भांडत नाही. ते पुन्हा येत नाही, एवढेच.

यासाठी महागड्या वर्गाची गरज नाही. दुकान उघडण्यापूर्वी रोज दहा मिनिटे द्यावीत आणि चार गोष्टी पक्क्या करून घ्याव्यात.

पहिली, ऐकून घेणे. गिऱ्हाईक कोणत्याही धर्माचे वा ऐपतीचे असो, त्याचे बोलणे पुरते होऊ द्यावे. मग त्याची मागणी त्यालाच एकदा सांगून खात्री करावी आणि पावतीवर लिहावी. मापातील व कापडातील निम्मे वाद येथेच मिटतात.

दुसरी, दोष आपणहून सांगणे. बाजारात धान्याच्या ढिगात हात घातल्यावर आतून ओल लागली, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी विक्रेत्याला भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे विचारले. ही हदीस नोकराला जरूर सांगावी.

तिसरी, वायदा. काम शुक्रवारी होणार नसेल तर शुक्रवार सांगू नये. खोटा वायदा करून त्याला 'इन्शाअल्लाह' जोडणे म्हणजे त्या पवित्र शब्दाची विटंबना होय. उशीर होणारच असेल तर गिऱ्हाइकाने फेरी मारण्यापूर्वी आपण फोन करावा.

चौथी, तक्रार. आवाज न चढविता वस्तू हातात घेऊन पाहावी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष माल परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. पावतीवर मुदत नसेल तर ती ३० दिवसांची धरली जाते. पावती न देणे हेही त्याच सदरात मोडते. तेव्हा 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी सदोष मालाच्या बाबतीत आपले रक्षण करीत नाही. शिवाय पस्तावलेल्या गिऱ्हाइकाकडून सौदा परत घेणे इस्लाममध्ये पुण्याचे काम मानले आहे.

आता मालकांविषयी. जो मालक चारचौघांत नोकराला शिवीगाळ करतो, त्याचा नोकर गिऱ्हाइकाशी गोड कसा बोलणार? मुले बोलण्याची रीत उस्तादाकडूनच उचलतात. दहा-बारा तास उभ्या असलेल्या माणसाचा संयम संध्याकाळी सुटतो. केरळने २०१८ मध्ये व तामिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातील कामगारांना बसण्याची सोय कायद्याने बंधनकारक केली. आपण कायद्याची वाट कशाला पाहावी? एक स्टूल, वेळेवर पगार, नमाज व जेवणाला सुट्टी, एवढे तर आपल्या हातात आहे.

आज मॉल आणि घरपोच माल देणाऱ्या कंपन्या भावात आपल्याला मागे टाकू शकतात. परंतु नाव घेऊन केलेली विचारपूस आणि पाळलेला शब्द यांत लहान दुकानदार आजही त्यांच्यापुढे जाऊ शकतो. ही पुंजी उद्यापासूनच गुंतवावी, असे आम्ही सुचवितो.