शून्य कुठं गेले? गळवाल्यांच्या वहीतून नदी वाचताना

पायलट स्टडीच्या पहिल्या सादरीकरणात मी मोठ्या ऐटीत एक तक्ता लावला होता. ६३ मासे, प्रत्येकाची जात, लांबी, वजन, ठिकाण. मुकुटबनच्या दक्षिणेला पैनगंगा आहे, पलीकडे तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा. आपल्या बाजूच्या काठावर गळ टाकून बसणाऱ्यांकडून पावसाळ्यानंतरचे तीन महिने फिरून मी ही माहिती जमवली होती. मॅडमनी तक्ता पाहिला आणि एकच विचारलं, "शून्य कुठं आहेत?"

मला प्रश्नच कळला नाही. मग आठवलं. काठावरचे एक काका सकाळपासून बसलेले असायचे आणि मी वही काढली की म्हणायचे, "कायले लिवतं बापा, काहीच तं नाही भेटलं." मी वही बंद करायचो. असे किती दिवस गेले, कुणाला ठाऊक! ६३ मासे मिळाले हे खरं, पण किती माणसांनी किती तास बसून मिळाले, ते कुठंच नव्हतं. म्हणजे तीन महिन्यांचा डेटा गेला. पूर्ण नाही, पण ज्या प्रश्नासाठी गोळा केला होता त्याच्यासाठी गेलाच.

प्रश्न होता, नदीत मासे कमी झालेत का? आता बघा, एकानं ५ तासांत १० मासे धरले, दुसऱ्यानं २० तासांत १०. वहीत दोघंही सारखेच. तासानं भागलं की पहिल्याचे २, दुसऱ्याचे अर्धा. या भागाकाराला मत्स्यशास्त्रात 'कॅच पर युनिट एफर्ट' म्हणतात, म्हणजे एवढ्या मेहनतीमागे एवढे मासे. बिनमाशाचे तास धरले नाहीत तर आकडा फुगतो आणि नदी आहे त्यापेक्षा सुखी दिसते.

हौशी गळवाल्यांची जुनी कागदपत्रं वाचताना हीच अडचण येते. हेन्री सलिव्हन थॉमसचं 'द रॉड इन इंडिया' १८७३ साली आलं, तेव्हापासून महसीर या माशाभोवती साहेबी दंतकथा आहेत. १९४६ मध्ये व्हॅन इंगेन यांनी कबिनी नदीत १२० पौंडांचा महसीर धरला, तो विक्रम आजही सांगितला जातो. पण त्याआधी किती दिवस ते हात हलवत परतले, हे कोण सांगणार? विक्रमाच्या यादीत शून्याला जागा नसते.

पण एका ठिकाणी तास लिहिलेले होते. कर्नाटकात कावेरीकाठी गलिबोरे इथं गळाच्या मासेमारीचा कॅम्प होता. मासा धरायचा, नोंदवायचा, परत सोडायचा. १९९८ ते २०१२ या काळातल्या तिथल्या नोंदी एड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि रॉबर्ट ब्रिटन यांनी अभ्यासल्या. २३ हजारांहून जास्त तासांची मेहनत, ६ हजारांहून जास्त महसीर. २०१५ साली आलेल्या विश्लेषणात चित्र छान होतं: मासे वाढले, सरासरी वजन घटलं, म्हणजे पिल्लं भरपूर येताहेत. संरक्षणाचा फायदा झाला, असंच कुणीही म्हणेल.

इथं थांबला असतात तर तुमचा पेपर छापून आला असता आणि अर्धाच खरा असता. त्याच संशोधकांनी त्याच वर्षी महसीरचे दोन प्रकार वेगळे करून पुन्हा पाहिलं. पाठीवर कुबड असलेला कावेरीचा मूळ महसीर घसरत होता आणि निळ्या परांचा महसीर वाढत होता. बेरीज वाढत होती, कारण एक दुसऱ्याची जागा घेत होता.

हा निळ्या परांचा महसीर कुठला? आपलाच. साइक्स नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्यानं १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून त्याचं वर्णन केलं आणि नाव ठेवलं 'खुद्री'. दख्खनच्या बऱ्याच माशांना त्यानं इथलीच नावं लॅटिन वेषात चढवली आहेत. पुढे लोणावळ्याला टाटांच्या वळवण तलावाजवळच्या केंद्रात या माशाचं कृत्रिम प्रजनन यशस्वी झालं, चं. वि. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांचं ते काम. तिथली पिल्लं अनेक राज्यांत गेली, कावेरीतही गेली. हेतू चांगलाच होता, आणि खुद्रीला त्याचा फायदाही झाला. पण कावेरीच्या स्वतःच्या माशाला तेव्हा नीट शास्त्रीय नावसुद्धा नव्हतं. बरीच वर्षं त्याला साइक्सच्याच 'मुसुल्ला' या नावानं ओळखत, ते चुकीचं निघालं. २०१८ मध्ये कळलं की तो 'टॉर रेमादेवी' आहे, केरळातल्या पांबार नदीतून २००७ साली वर्णन झालेला. त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला. ५० किलोच्या वर जाणारा मासा, आणि ओळख पटेपर्यंत संपत आलेला.

आता साधनाबद्दल, कारण इथं मी दुसऱ्यांदा अडखळलो. आपल्याकडे गळ लांब जातो तो शिशाच्या वजनानं. फ्लाय फिशिंगमध्ये उलटं आहे. आकड्यावर पिसं आणि दोरा गुंडाळून किडा किंवा छोटा मासा केलेला असतो, तोच 'फ्लाय'. त्याला वजन जवळजवळ नसतंच, म्हणून वजन दोरीत असतं. जाड दोरी काठीनं मागे-पुढे झुलवून ती फ्लायला पाण्यावर घेऊन जाते. मग मासा कोणता लागणार? पाण्यात हलणारं भक्ष्य डोळ्यानं पाहून झडप घालणारा. कणकेची गोळी तळाशी सोडली तर वासावर येणारा वेगळा मासा लागेल. कावेरीवर रागीच्या पिठाचे गोळे बरेच वापरत. म्हणजे 'एक तास' हा सगळीकडे एकच तास नव्हे. फ्लायचा तास आणि गांडुळाचा तास एका रकान्यात मिसळलात तर पुढचा सगळा भागाकार वाया. आकड्याचा आकार बदलला तरी छोटे मासे नोंदीतून गळतात, मग "पिल्लं कमी झाली" असा भलताच निष्कर्ष निघतो.

आणखी एक. मासा परत सोडणारा हौशी माणूस आणि संध्याकाळच्या कालवणासाठी बसलेला माणूस सारखा वागत नाही. काका पुरेसे मासे झाले की उठतात. चांगल्या दिवशी त्यांचे तास कमी भरतात, वाईट दिवशी जास्त. हे मॉडेलमध्ये कसं धरायचं यावर माझं आणि मॅडमचं अजून एकमत नाही.

माझा नवा फॉर्म एका पानाचा आहे. बसण्याची वेळ, उठण्याची वेळ, काठ्या किती, आकडा कोणता, आमिष काय, पाणी गढूळ की नितळ. मासे हा रकाना शेवटी, आणि तो रिकामा सोडायचा नाही, ० लिहायचा. पहिल्या आठवड्यात १९ फॉर्म भरले, त्यातले ११ शून्याचे. काकांनी विचारलं, "रिकाम्या हाताचंबी लिवतं का आता?" हो म्हटलं, तर त्यांनी स्वतःहून आदल्या दिवसाची वेळ सांगितली, सकाळी ७ ते दुपारी १, मासा नाही. तो फॉर्म मी घेतला, पण वर 'आठवणीतून' असं लिहून वेगळा ठेवलाय.