बोअरवाले मुक्कामी असताना

पाथर्डीला ऐन उन्हाळ्यात मुक्काम करायचा असेल, तर लॉजवाल्याला आधी फोन करून ठेवावा. मी केला नव्हता. शेवटची एसटी चुकली आणि स्टँडजवळच्या एका लॉजवर गेलो. काउंटरवरच्या मुलानं विचारलं, "बोअरवाले का?" नाही म्हटल्यावर तो जरा हिरमुसला. बोअरवाले आठ-पंधरा दिवस राहतात, मी एका रात्रीचा.

तेला-वायूसाठी खोदकाम चालतं तिथली छोटी गावं अशीच भरतात. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियामध्ये 2008 नंतर वायूच्या विहिरी सुरू झाल्या, तेव्हा खेड्यातल्या लॉजवर खोली मिळेनाशी झाली. अहिल्यानगर (2024 पर्यंतचं अहमदनगर) जिल्ह्यात वायू नाही. इथं माणसं जमिनीला भोकं पाडतात ती पाण्यासाठी.

अंगणात दोन अवजड गाड्या उभ्या होत्या, नंबर टीएन 34 चा. म्हणजे तमिळनाडूतलं तिरुचेंगोडे. बोअरच्या गाड्यांचं हे देशातलं मोठं माहेरघर. एका गाडीवर मनोरा, दुसरीवर कॉम्प्रेसर. कॉम्प्रेसरची दाबाखालची हवा नळ्यांतून तळाशी जाते, तिथला हातोडा खडकावर आदळत राहतो आणि तीच हवा खडकाचा भुगा वर फेकते. मजुरी फुटावर. पाणी लागो न लागो, फुटाचे पैसे द्यावेच लागतात. मॅनेजर आणि ड्रायव्हर खोलीत झोपतात, पोरं गाडीवरच. रात्री दोनला कुणाचा तरी फोन आला आणि दोन्ही गाड्या घरघरत निघाल्या. मग कसली झोप!

बाथरूममध्ये पाटी होती, 'पाणी जपून वापरा'. पाटीखाली एकच बादली. सकाळी मालकाशी चहा घेताना कळलं, लॉजची स्वतःची बोअर 180 फुटांची. ती गेल्या साली आटली. आता टँकर.

कशी आटली, हे समजायला जमिनीखाली डोकवावं लागेल. आपला मुलूख साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांचा. कळसूबाईचं 1646 मीटरचं टोक आणि पाथर्डीच्या शेताखालचा काळा पाषाण एकाच घराण्यातले. या पाषाणात पाणी मुरत नाही. ते राहतं वरच्या मुरमात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. जसं खोल जावं तशा भेगा कमी आणि घट्ट होत जातात. लाव्हा मात्र लवकर संपत नाही. 1993 च्या भूकंपानंतर किल्लारीला शास्त्रज्ञांनी छिद्र घेतलं, तिथंही तो 338 मीटरपर्यंत होता.

मग 500 फुटांच्या बोअरला पाणी लागतं ते पुष्कळदा कुठलं? शेजाऱ्याच्या विहिरीला येणाऱ्या भेगेतलं. केसिंग पाइप फक्त वरच्या माती-मुरमापुरता घालतात. त्याखालच्या भेगा उघड्याच राहतात, आणि त्यांतलं पाणी नव्या बोअरमध्ये उतरतं. 2009 च्या राज्याच्या भूजल कायद्यानं 60 मीटर, म्हणजे साधारण 200 फूट किंवा त्याहून खोल विहिरीला 'खोल विहीर' मानून तिच्यावर बंधनं घातली. पण रात्री दोनला निघालेल्या गाडीला फूटपट्टी कोण लावणार?

याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं निराळी वाट धरली. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस-केळी लावायची नाही, असं गावानं ठरवलं. दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून मगच पिकं ठरतात. पाऊस तिथं पाथर्डीपेक्षा काही जास्त नाही. पण एका गावानं मिळून ठरवणं वेगळं आणि भर बाजारपेठेत एकट्या लॉजवाल्यानं ठरवणं वेगळं, हेही खरंच.

लॉजच्या मागच्याच शेतात त्या साली नवी बोअर झाली होती. मारणारे इथंच उतरले होते. "तुमचं पाणी त्यांनीच नेलं का?" मी विचारलं.

"सांगता येत नाही. आणि बोलायचं कुणाला? बोअर घेणारा शेजारी, मारणारं गिऱ्हाईक."

तेवढ्यात गाड्या परतल्या, पांढऱ्या भुकटीनं माखलेल्या. मालक कप ठेवून उठला. मॅनेजरशी त्याचं मोडक्या हिंदीत बराच वेळ काही चाललं होतं. परत आला तेव्हा मी पैसे मोजत होतो.

"काय ठरलं?"

"600 फूट घेतली तर फुटामागं थोडं कमी करतो म्हणाला."