विश्लेषण : नेल टेक्निशियनचा कोर्स झाला, पण पहिला ग्राहक घ्यायला धीर का होत नाही?

कोर्स संपला, प्रमाणपत्राचा फोटो स्टेटसला लागला, मैत्रिणींनी अभिनंदनही केले. पण शेजारच्या काकूंनी ‘माझी नखे कधी करून देतेस? पैसे देईन हो!’ असे विचारले, की ‘बघू पुढच्या आठवड्यात’ एवढेच उत्तर जाते. नव्या नेल टेक्निशियनची गाडी बऱ्याचदा इथेच अडते. ही भीती निराधार नाही.

‘आता तू तयार आहेस’ हे सांगणार कोण?

अमेरिकेतील बहुतेक राज्यांत या कामासाठी ठरावीक तासांचे प्रशिक्षण, परीक्षा आणि परवाना लागतो. आपल्याकडे तशी परवाना परीक्षा नाही. ब्यूटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिलच्या चौकटीत नेल टेक्निशियनचे प्रशिक्षण आहे. पण चार-पाच दिवसांचे खासगी वर्गही प्रमाणपत्र देतातच. परिणामी आपण तयार आहोत का, हे जिचे तिनेच ठरवायचे असते. आणि सराव झालेला असतो प्लास्टिकच्या हातावर. तो हलत नाही, त्याला घाम येत नाही, जेल तापल्यावर तो ‘आई गं’ म्हणत नाही.

जेल लॅम्पखाली तापते, कारण द्रवरूप रेणू एकमेकांना जोडले जाऊन घट्ट होताना उष्णता बाहेर पडते. थर जाड असेल तर चटका जास्त बसतो. हे माहीत असलेली मुलगी घाबरत नाही. ती ‘गरम वाटले तर लगेच हात बाहेर काढा’ असे आधीच सांगते आणि पुढचा थर पातळ देते.

सराव नेमका कशाचा करायचा?

डिझाइनचा नव्हे. ग्राहक नाराज होतो तो बहुधा पाचव्या दिवशी जेल सुटल्यामुळे. म्हणून पहिल्या आठ-दहा जणी ओळखीतल्या घ्याव्यात, ‘मी नवीन आहे, फक्त साहित्याचा खर्च द्या, पण दोन आठवड्यांनी नखांचा फोटो पाठवा’ असे स्पष्ट सांगून. काम झाल्या झाल्या काढलेला फोटो इन्स्टाग्रामसाठी ठीक. शिकवतो तो दोन आठवड्यांनंतरचा.

त्या फोटोत चूक कुठे झाली ते दिसते. जेल मुळाशी सुटले असेल, तर नखावरची मृत त्वचा नीट निघाली नव्हती किंवा जेल कातडीवर गेले होते. टोकाशी सुटले असेल, तर कडेवरून ब्रश फिरवायचा राहिला. फक्त अंगठेच सुटले असतील, तर चार बोटांसोबत लॅम्पमध्ये ठेवताना अंगठा तिरका राहिला. तो वेगळा घ्यावा. रोज कणीक मळणाऱ्या, भांडी घासणाऱ्या बाईला लांब एक्स्टेन्शन दिले, तर निम्मी चूक लांबीचीच!

वेळही लिहून ठेवावा. सुरुवातीला साध्या जेल पॉलिशला दोन तास लागले तरी बिघडत नाही. मात्र तासाभराची वेळ देऊन दोन तास बसवले, की हात थरथरायला लागतात. वेळ देतानाच दोन तासांची द्यावी.

ग्राहकाने रसायनांबद्दल विचारले तर?

विचारतातच. युरोपीय संघाने 1 सप्टेंबर 2025 पासून टीपीओ या घटकावर सौंदर्यप्रसाधनांत बंदी घातली, तेव्हा ‘जेलवरच बंदी आली’ असा समज पसरला. बंदी या एका घटकावर आहे आणि टीपीओविरहित जेल मिळतात. आपल्या बाटलीवरची घटकयादी वाचलेली असेल, तर हे उत्तर देताना अडखळायला होत नाही.

खरी काळजी ॲलर्जीची. न वाळलेले जेल कातडीला वारंवार लागले, तर त्यातील हेमासारख्या ॲक्रिलेट रसायनांची ॲलर्जी होऊ शकते आणि ती बहुधा कायमची असते. ब्रिटनमधील त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2018 मध्ये याबाबत इशारा दिला होता. दातांच्या उपचारांतही याच कुळातील रसायने वापरली जातात, म्हणून प्रकरण नखांपुरते राहत नाही. रोज जेल हाताळणाऱ्या टेक्निशियनला धोका अधिक. तेव्हा नायट्राइलचे हातमोजे, कातडीपासून किंचित अंतर आणि जेलच्या कंपनीने सांगितलेलाच लॅम्प. वरून कडक दिसणारे जेल आत कच्चे राहू शकते.

काम नाकारायचे कधी?

हे कोर्समध्ये क्वचितच शिकवतात. नखुरडे झालेले बोट, बुरशीने जाड-पिवळे पडलेले नख, जुन्या जेलखालचा हिरवट डाग, नखाखाली नव्याने दिसणारी काळी रेघ, यांवर जेल लावायचे नाही. लग्न परवावर आले असले तरी नाही. ‘हे आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, काकू. आज बाकीची नऊ करून देते, हे बरे झाले की याचे पैसे न घेता करीन,’ हे वाक्य आरशासमोर दोन-चारदा म्हणून ठेवावे.