वळणावरची दोन चाके

प्रस्तावना

वळण घेणारी बैलगाडी आपण पाहिली असेल. तिचे आतले चाक थोडेसेच फिरते, तर बाहेरचे चाक मोठा फेरा घेते. बैलगाडीला याची अडचण होत नाही. कारण तिची दोन्ही चाके आसाभोवती सुटी फिरतात आणि गाडी ओढण्याचे काम बैल करतात. मोटारीची गोष्ट वेगळी आहे. तेथे इंजिनाचे बळ चाकांनाच फिरवते. मग एकाच इंजिनाने फिरवलेली दोन चाके वेगवेगळ्या गतीने कशी फिरतात? हे साधणाऱ्या यंत्ररचनेला ‘डिफरन्शियल’ म्हणतात. प्रस्तुत पाठात आपण या रचनेची ओळख करून घेऊ आणि संगणकावरील एका खेळात ती कशी घडवली जाते, हेही पाहू.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर आपण :
• डिफरन्शियलची गरज व कार्य स्वतःच्या शब्दांत सांगू शकाल;
• संगणकावरील यंत्ररचनेत येणाऱ्या अडचणींची कारणे स्पष्ट करू शकाल;
• यंत्राचे क्रमवार वर्णन करणारी भाषा ओळखू शकाल.

१. सव्वा फेऱ्याचा हिशेब

समजा, एका मोटारीच्या मागील दोन चाकांमध्ये १.५ मीटर अंतर आहे आणि ती काटकोनात वळत आहे. आतले चाक ५.२५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावरून गेले, तर बाहेरचे ६.७५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावरून जाईल. या पाव वर्तुळात आतले चाक सुमारे ८.२५ मीटर, तर बाहेरचे सुमारे १०.६० मीटर अंतर कापते. चाकाचा परीघ १.९ मीटर धरला, तर बाहेरच्या चाकाला जवळजवळ सव्वा फेरा अधिक घ्यावा लागतो. दोन्ही चाके एकाच अखंड दांड्याला पक्की जोडलेली असतील, तर हे शक्य नाही. अशा वेळी एखादे चाक रस्त्यावर घासत जाते, टायर झिजतात, दांड्याला पीळ बसतो आणि गाडी वळण्यास विरोध करते.

२. पिंजऱ्यातील रचना

फ्रान्समधील ओनेसिफोर पेकर या यंत्रज्ञाने १८२७-२८ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी या प्रश्नाचे उत्तर शोधले. आजच्या मोटारींतील रचनेचे तत्त्व तेच आहे.

इंजिनाकडून येणाऱ्या दांड्याच्या टोकाला ‘पिनियन’ हे लहान दातेरी चाक असते. ते ‘क्राऊन व्हील’ या मोठ्या दातेरी चाकाला फिरवते. क्राऊन व्हीलला एक पिंजरा घट्ट जोडलेला असतो. खरे मर्म या पिंजऱ्याच्या आत आहे. चाकांकडे जाणारा दांडा येथे अखंड नसतो. त्याचे दोन भाग केलेले असतात. प्रत्येक भागाच्या आतल्या टोकाला एक ‘सन गियर’ असतो. समोरासमोर असलेल्या या दोन सन गियरांच्या मध्ये, पिंजऱ्यात आडव्या बसवलेल्या खिळीवर, ‘स्टार पिनियन’ ही लहान दातेरी चाके असतात. त्यांचे दाते एकाच वेळी दोन्ही सन गियरांत गुंतलेले असतात.

गाडी सरळ जात असता स्टार पिनियन स्वतःभोवती फिरत नाहीत. ते पिंजऱ्याबरोबर फिरतात आणि दोन्ही बाजूंना सारखेच ओढून नेतात. वळणावर आतले चाक मंदावते. तेव्हा स्टार पिनियन स्वतःभोवती फिरू लागतात आणि एका बाजूने जेवढी गती कमी झाली, तेवढीच दुसऱ्या बाजूला वाढवतात. तराजूचे एक पारडे जेवढे खाली जाते, तेवढेच दुसरे वर येते. तसाच हा प्रकार होय. पिंजरा मिनिटाला १०० फेरे घेत असेल आणि आतले चाक ९० फेरे घेत असेल, तर बाहेरचे ११० घेते. एक चाक पूर्ण थांबवले, तर दुसरे २०० घेते. दोन्ही चाकांच्या फेऱ्यांची बेरीज पिंजऱ्याच्या फेऱ्यांच्या नेहमी दुप्पट असते.

३. पडद्यावरची कार्यशाळा

‘बिसीज’ हा ब्रिटनमधील स्पायडरलिंग स्टुडिओज या संस्थेचा खेळ २०१५ साली प्राथमिक स्वरूपात आणि २०२० साली पूर्ण रूपात प्रसिद्ध झाला. त्यात लाकडी तुकडे, चाके, दातेरी चाके व सांधे जोडून मध्ययुगीन युद्धयंत्रे उभारावयाची असतात. यंत्र सुरू केले, की गुरुत्व, घर्षण आणि टक्कर यांचे नियम त्याला लागू होतात. स्वतःच फिरणारी चाके या खेळात तयार मिळतात. म्हणजे नुसती गाडी चालवण्यासाठी डिफरन्शियलची गरज नाही. तरीही अनेक खेळाडूंनी ते एकेक तुकडा जोडून घडवले आहे. त्यांना त्यातून काय मिळते?

बेरजेचा वर सांगितलेला नियम अशा यंत्राला कोणी शिकवलेला नसतो. दात्याने दात्याला ढकलले, एवढेच घडते आणि त्यातून तो नियम आपोआप प्रकट होतो. रचना चुकली, तर मात्र तो प्रकट होत नाही. स्टार पिनियन कोठे अडकून बसला, तर दोन्ही सन गियर एकत्र बांधले जातात. अशी गाडी सरळ रस्त्यावर उत्तम धावते. तिचा दोष पहिल्या वळणावरच उघड होतो.

याखेरीज पडद्यावरच्या यंत्रांच्या स्वतःच्या अशा अडचणी असतात. संगणक काळाचे लहान लहान तुकडे पाडून हालचाल मोजतो. समजा, तो सेकंदाचे ५० तुकडे पाडतो आणि आपल्या चाकाला १६ दाते आहेत. सेकंदाला एक फेरा झाला, तर प्रत्येक तुकड्यात दात्यांमधील अंतराच्या सुमारे एक-तृतीयांश एवढीच हालचाल होते आणि दाते नीट जुळतात. मात्र सेकंदाला १० फेरे झाले, तर एका तुकड्यात तीनहून अधिक दाते पुढे सरकतात. मधली टक्कर संगणकाला दिसतच नाही आणि दाते एकमेकांतून निसटतात. म्हणून पिंजऱ्याची गती मर्यादित ठेवावी लागते. तसेच भार वाढला, की सांधे किंचित लवतात आणि दाते दूर होतात. त्यासाठी पिंजऱ्याला आडवे आधार द्यावे लागतात. लोखंडी यंत्रातही दाते निसटू नयेत म्हणून पिंजरा भक्कम करावा लागतोच; मात्र काळाच्या तुकड्यांचा प्रश्न केवळ पडद्यावरचा आहे.

४. कसोटी आणि मर्यादा

रचना साधली की नाही, हे कसे ओळखावे? गाडी जमिनीपासून उचलून पिंजरा स्थिर ठेवावा आणि एक चाक हाताने पुढे फिरवावे. दुसरे चाक तेवढेच उलट फिरले, तर डिफरन्शियल ठीक आहे. बेरीज शून्य असल्यामुळे असे होणारच. दोन्ही चाके उचललेल्या खऱ्या मोटारीवरही हीच कसोटी लागू पडते.

या रचनेची एक उणीवही आहे. ती दोन्ही चाकांना गती वेगवेगळी देते. परंतु फिरवणारे बळ जवळजवळ सारखेच देते. एक चाक चिखलात रुतून घसरू लागले, की त्याला फिरण्यास फारसे बळ लागत नाही. परिणामी कोरड्या जमिनीवरच्या चाकालाही तेवढेच अल्प बळ मिळते. एक चाक गरगर फिरत राहते आणि गाडी जागची हलत नाही. म्हणूनच शेतातील ट्रॅक्टरला ‘डिफरन्शियल लॉक’ असते. ते लावले, की दोन्ही चाके तात्पुरती एकत्र बांधली जातात. घट्ट जमिनीवर वळण्यापूर्वी मात्र ते सोडावे लागते. जो दोष वळणावर नडतो, तोच चिखलात उपयोगी पडतो.

यंत्राचे वर्णन वाचून ते कळल्यासारखे वाटते. पण त्याचे भाग आपल्या हाताने जुळवताना प्रत्येक भाग तेथे का आहे, याचे उत्तर द्यावे लागते. लाकूड, लोखंड आणि कार्यशाळा ज्याच्या आवाक्यात नाही, अशा विद्यार्थ्यालाही संगणकावर हा अनुभव घेता येतो. या खेळाचे खरे मोल हेच होय.

पाठान्त प्रश्न

१. बैलगाडीला डिफरन्शियलची गरज का नसते?
२. पिंजरा मिनिटाला ६० फेरे घेत असता एक चाक ५० फेरे घेते. दुसरे किती घेईल? कारण लिहा.
३. ‘जो दोष वळणावर नडतो, तोच चिखलात उपयोगी पडतो’ या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.
४. आपल्या घरातील एखाद्या यंत्राचे कार्य दहा ओळींत क्रमवार लिहा.