दिवसभर उभे राहणे म्हणजे व्यायाम नव्हे

प्राथमिक शिक्षक परिपाठापासून शाळा सुटेपर्यंत पायांवरच असतो, तेव्हा त्याला वेगळ्या व्यायामाची गरज काय, हा समज समाजात आणि खुद्द शिक्षकांमध्येही चांगलाच रुजलेला आहे. दमणूक आणि व्यायाम या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्यात निसटते. फळ्यापाशी उभे राहिल्याने बसण्याच्या तुलनेत ऊर्जेचा खर्च किंचितच वाढतो आणि हृदयाला सरावाचा म्हणावा असा ताण मिळत नाही. पायांच्या शिरांवर मात्र भार पडतो. पायांतील रक्त हृदयाकडे वर ढकलण्याचे काम पोटरीचे स्नायू आकुंचनाने करतात, आणि माणूस एका जागी खिळून उभा राहिला की हे काम मंदावते, रक्त शिरांत साचते व त्यांतील झडपांवरील दाब वाढत जातो. अशा झडपा कमकुवत होऊन शिरा फुगतात व वेड्यावाकड्या होतात, त्या विकाराला व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात. त्यात आनुवंशिकतेचा आणि गर्भारपणाचाही वाटा असतो. तरीही फलकलेखन करताना अधूनमधून टाचा उचलणे आणि खुर्ची-फळ्यापुरते न राहता मुलांमधून फिरत शिकवणे पोटरीला उपकारक ठरते.

व्यायामाला सलग तासभर मोकळा वेळ मिळाला तरच उपयोग, हाही असाच एक समज आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम तीव्रतेची हालचाल करावी, म्हणजे श्वास वाढतो, बोलता येते, पण गाता येत नाही इतपत. शिवाय किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम करावेत. २०१० च्या सूचनांत ही हालचाल किमान दहा मिनिटे सलग असावी अशी अट होती, ती २०२० मध्ये वगळण्यात आली. त्यामुळे एसटीच्या थांब्यापासून शाळेपर्यंत झपाझप चाललेले अंतरही हिशेबात धरता येते. (दहा हजार पावलांचा बहुचर्चित आकडा १९६० च्या दशकात जपानमध्ये विक्रीस आलेल्या पावले मोजण्याच्या यंत्राच्या नावातून रूढ झाला, तो वैद्यकीय संशोधनाचा निष्कर्ष नव्हता.)

शिक्षकांना वेळच वेळ असतो, हे मात्र कायद्याच्या कसोटीवरही टिकत नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस व ८०० अध्यापन तास ठरवलेले असून, शिक्षकाचे पूर्वतयारीसह आठवड्याचे किमान ४५ तास गृहीत धरलेले आहेत. याच कायद्याचे कलम २७ अशैक्षणिक कामांना मनाई करते, पण दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांचा अपवाद करूनच.

सर्वाधिक दुर्लक्षित अवयव म्हणजे स्वरयंत्र. आवाज बसला की तो ‘घशाचा’ त्रास समजून ज्येष्ठमध चघळला जातो, किंवा कुजबुजत शिकवून आवाजाला विश्रांती दिल्याचे समाधान मानले जाते. बोलताना स्वरयंत्रातील दोन स्वरतंतू एकमेकांवर आदळतात, पुरुषांत सेकंदाला साधारण शंभर ते सव्वाशे वेळा आणि स्त्रियांत सुमारे दोनशे वेळा; म्हणजे शिक्षिकेच्या तासाभराच्या अखंड उच्चारणात हे आघात सात लाखांच्या घरात जातात. पत्र्याचे छप्पर, एकाच खोलीत भरलेले दोन वर्ग आणि पलीकडून ऐकू येणारे पाढे अशा गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो. फ्रेंच वैद्य एत्येन लोंबार यांच्या नावाने ही प्रवृत्ती ओळखली जाते. वारंवारच्या आघातांनी स्वरतंतूंच्या कडांवर घट्टे पडल्यासारख्या गाठी येऊ शकतात आणि आवाज घोगरा होतो. गिळलेला पदार्थ अन्ननलिकेत जातो, स्वरतंतूंना लागत नाही, त्यामुळे ज्येष्ठमधाने घशाला बरे वाटते इतकेच. तो अति खाल्ल्यास रक्तदाब वाढतो हेही लक्षात घ्यावे लागते. ताण देऊन केलेली कुजबुज आणि वारंवारचे खाकरणे आवाजाला अपायकारकच ठरू शकते. खरा विसावा मौनाचा, आणि तो वर्गात शक्य आहे: ओरडण्याऐवजी टाळीचा ठरलेला ठेका वापरणे, सूचना फळ्यावर लिहिणे, पाढे मुलांकडूनच म्हणवून घेणे. घोगरेपणा तीन-चार आठवडे टिकल्यास कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून तपासणी करून घेणे आवश्यक असते. सुरुवातीच्या गाठी बहुधा आवाजाच्या उपचारपद्धतीने, शस्त्रक्रियेवाचून ओसरतात.

स्वरतंतू ओलसर राहण्यासाठी शरीरात पाण्याचे प्रमाण पुरेसे लागते, आणि नेमके इथेच सल्ला व वास्तव यांची फारकत होते. अनेक शिक्षिका शाळेच्या वेळेत जाणूनबुजून पाणी पीत नाहीत, आणि त्याला निष्काळजीपणा म्हणणे अन्यायाचे आहे. द्विशिक्षकी शाळेत वर्ग सोडून जाणे अवघड असते, शिवाय कायद्याच्या अनुसूचीत मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे नमूद असली, तरी शिक्षकांसाठीच्या स्वच्छतागृहाचा उल्लेख नाही. पाणी कमी पिणे आणि लघवी तासन्‌तास रोखून धरणे यांमुळे मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, त्यामुळे भरपूर पाणी प्या हा उपदेश एकट्या शिक्षिकेला करून भागत नाही. शाळा विकास आराखडा तयार करण्याचे काम कलम २२ नुसार शाळा व्यवस्थापन समितीकडे असते, आणि शिक्षकांच्या स्वच्छतागृहाची मागणी त्या आराखड्यात रीतसर मांडता येते.